एका घरातले दोन ताप: पेशीच्या आत शिरलेला जंतू ओळखला कसा जातो

दिवाळीच्या तोंडावर, भातकापणी उरकत आली असताना, लांजा तालुक्यातल्या एका वाडीतली मायलेकं एकाच दिवशी आमच्या वॉर्डात दाखल झाली. आई अठ्ठेचाळीस वर्षांची, मुलगा बावीसचा. दोघांनाही सणसणून ताप, दोघांचंही डोकं ठणकत होतं, अंग ठेचल्यासारखं दुखत होतं आणि दोघांच्याही प्लेटलेट उतरल्या होत्या. एकाच साथीने दोघांना धरलं, असं घरच्यांनी गृहीत धरलं होतं. तपासण्या आल्या तेव्हा भलतंच निघालं. मुलाला डेंग्यू होता, म्हणजे विषाणू. आईला स्क्रब टायफस होता, म्हणजे जिवाणू. हे दोन्ही जंतू माणसाच्या पेशीच्या आत शिरूनच वाढतात.

दोघांच्या परवानगीने हे प्रकरण लिहिते आहे. त्यांची ओळख पटेल असा तपशील गाळला आहे. लिहिण्याचं कारण एवढंच, की दोन वेगळ्या जंतूंचे ताप पहिले चार दिवस इतके सारखे का दिसतात, याचं उत्तर पेशीच्या आतल्या ओळख यंत्रणेत आहे. ती यंत्रणा समजली की आईला तीन दिवस दिलेली इंजेक्शनं का लागू पडली नाहीत, तेही कळतं.

आई

आईच्या तापाचा तो सहावा दिवस होता. पहिले दोन दिवस घरीच पॅरासिटामॉल, काढा आणि पेज. तिसऱ्या दिवशी जवळच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी लेप्टोचा संशय धरला. कोकणात शेतात राबणाऱ्या बाईला ताप, अंगदुखी आणि लाल डोळे असले की लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूचा आजार आधी मनात येतो, आणि यायलाच हवा. सेफ्ट्रिअॅक्सोन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं सुरू केली. लेप्टोसाठी ते औषध योग्यच आहे. पण ताप हटेना, आणि धाप लागू लागली तेव्हा घरच्यांनी त्यांना रत्नागिरीला आणलं.

दाखल केलं तेव्हा नाडी मिनिटाला ११६, रक्तदाब ९६/६०, श्वास मिनिटाला २८, ऑक्सिजन ९१ टक्के. छातीच्या फोटोत दोन्ही बाजूंना खाली धुरकट सावल्या. प्लेटलेट ६२,०००, पांढऱ्या पेशी ११,८००, यकृताची एन्झाइम्स तिपटीने वाढलेली, सीआरपी, म्हणजे शरीरात दाह झाला की रक्तात वाढणारं प्रथिन, १६२. मलेरियासाठीची काच निगेटिव्ह.

कुठे जखम, कुठे चावा, असं विचारलं तेव्हा त्यांनी नाही म्हटलं होतं. कपडे बदलताना सिस्टरने मला हाक मारली. कमरेवर उजव्या बाजूला, परकराची नाडी बांधतात बरोब्बर त्या रेषेवर, जेमतेम आठ मिलिमीटरची काळी, कोरडी खपली होती. भोवती बारीकशी लाल कडा. दाबलं तरी दुखत नव्हतं, खाजतही नव्हतं. त्याच बाजूच्या जांघेत गाठ लागत होती.

“काकी, हे कधीपासून आहे?”

“नाडी काचून झालं असंल. दुखत नाय, काय नाय. मी कशाला बघतेय तिकडे.”

या खपलीला एशर म्हणतात. स्क्रब टायफसच्या प्रत्येक रुग्णात ती सापडत नाही, पण सापडली तर निदान जवळजवळ हातात असतं. मग पुढचं विचारलं. दसरा झाल्यावर वाडीतल्या बायका सड्यावर गवत कापायला जात होत्या. दुपारची भाकरी खाऊन तिथेच कापलेल्या गवताच्या भाऱ्याला टेकून घटकाभर पडायच्या. माइट या बारीक जीवाची उंदीर-घुशींवर जगणारी अळी, जिला चिगर म्हणतात, अशाच गवत-झुडपांत असते. ती इतकी लहान असते की डोळ्यांना जवळपास दिसतच नाही. कपडा जिथे अंगाला घट्ट बसतो तिथे ती थांबते आणि चावते. चावा कळत नाही. तिच्या लाळेतून ओरिएन्शिया त्सुत्सुगामुशी हा जिवाणू कातडीत उतरतो. ताप येतो तो साधारण दहा-बारा दिवसांनी. दसऱ्यानंतरचं गवत आणि दिवाळीच्या आधीचा ताप, हा हिशोब चोख जुळत होता.

आयजीएम एलायझासाठी, म्हणजे जंतूविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणाऱ्या चाचणीसाठी, रक्त पाठवलं, पण त्याची वाट पाहत बसलो नाही. शिरेतून डॉक्सिसायक्लिन आणि जोडीला अॅझिथ्रोमायसिन त्याच संध्याकाळी सुरू केलं. गंभीर स्क्रब टायफसमध्ये ही दोन औषधं एकत्र दिली तर एकट्या औषधापेक्षा गुण चांगला येतो, हे भारतातल्याच रुग्णालयांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीतून दिसलं आहे.

मुलगा

मुलगा मुंबईला नोकरीला. कापणीसाठी गावी आला आणि तिसऱ्या दिवशी तापला. डास चावल्यापासून ताप येईपर्यंत चार ते दहा दिवस जातात, म्हणजे डेंग्यू त्याने मुंबईहूनच आणला होता. आमच्याकडे आला तो तापाचा चौथा दिवस. डोळ्यांच्या मागे दुखणं, पांढऱ्या पेशी २,८००, प्लेटलेट ८८,०००, सीआरपी १४, एनएस-१ या डेंग्यूच्या प्रथिनाची चाचणी पॉझिटिव्ह. श्वास, रक्तदाब ठीक. त्याची गोष्ट सरळ होती, पण पुढे एक वळण आलं. ते ओघात येईलच.

पेशीला काय दिसतं

प्रतिकारशक्ती म्हटलं की बहुतेकांच्या मनात अँटिबॉडी येते. पण नव्या जंतूविरुद्ध अँटिबॉडी तयार व्हायला पाच-सात दिवस तरी लागतात. तोवर किल्ला लढवते ती उपजत प्रतिकारशक्ती. तिच्याजवळ या किंवा त्या जंतूसाठी वेगळं हत्यार नसतं. मग तिला परकं कळतं कसं? १९८९ साली चार्ल्स जेनवे यांनी असा विचार मांडला की जंतूंच्या मोठमोठ्या कुळांत सामाईक असणारे, त्यांना टाकून देणं परवडणार नाही असे, आणि आपल्या शरीरात नसणारे रेणू ओळखणारे रिसेप्टर आपल्या पेशींत जन्मतःच असले पाहिजेत. तेव्हा असा एकही रिसेप्टर हातात नव्हता. पुढे १९९६ मध्ये फळमाशीत ‘टोल’ या रिसेप्टरचं बुरशीविरुद्धचं काम दिसलं, १९९८ मध्ये उंदरांत टीएलआर-४ हा टोलसारखा रिसेप्टर जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातला एलपीएस हा रेणू ओळखतो हे सिद्ध झालं, आणि २०११ च्या नोबेल पारितोषिकात ज्यूल्स हॉफमन आणि ब्रूस ब्यूटलर यांचा वाटा याच कामासाठी होता.

टीएलआर-४ असतो पेशीच्या पृष्ठभागावर. रक्तात, ऊतींत मोकळा फिरणारा जिवाणू त्याला सापडतो. आत घुसलेल्याचं काय? आणि विषाणूची गोष्ट तर आणखी अवघड. त्याची प्रथिनं आपल्याच रायबोसोमवर बनतात, त्याचं आवरण आपल्याच पटलातून कापून घेतलेलं असतं. त्याच्यात अस्सल परकं म्हणावं असं फार थोडं उरतं. म्हणून पेशीच्या आतल्या रिसेप्टरांची मदार दोन गोष्टींवर असते: रेणूचं रूप, आणि तो सापडला ती जागा.

मुलापासून सुरुवात करू. डेंग्यूचा जीनोम म्हणजे सुमारे १०,७०० अक्षरांचा आरएनएचा एकेरी धागा. विषाणू पेशीत शिरतो तो एका पिशवीतून, तिला एंडोसोम म्हणतात. या पिशवीच्या आतल्या बाजूला टीएलआर-३, टीएलआर-७ आणि टीएलआर-८ बसलेले असतात. पहिला दुहेरी आरएनए ओळखतो, बाकीचे दोन एकेरी आरएनएचे तुकडे. एकेरी आरएनए तर आपल्या पेशीतही भरपूर असतो, पण तो एंडोसोमच्या आत सहसा येत नाही. इथे निवाडा होतो तो जागेवरून.

विषाणू पिशवी फोडून पेशीद्रवात उतरला की दुसरी फळी. डेंग्यूला स्वतःच्या प्रती काढायच्या तर मूळ धाग्यावरून उलटा धागा बनवावा लागतो, आणि त्या कामात आरएनएची दुहेरी जोडी तयार होते. लांबलचक दुहेरी आरएनए निरोगी पेशीत नसतोच म्हटलं तरी चालेल. एमडीए-५ हा रिसेप्टर तो लांब दुहेरी आरएनए पकडतो. त्याचा भाऊ रिग-आय लहान दुहेरी तुकडे पकडतो, विशेषतः ज्यांच्या टोकाला तीन फॉस्फेट उघडे असतात असे. आपल्या स्वतःच्या एमआरएनएच्या टोकावर एक रासायनिक टोपी चढवलेली असते, त्यामुळे रिग-आय त्याच्या वाटेला जात नाही. रिग-आयचं हे काम २००४ मध्ये जपानमधल्या ताकाशी फुजिता यांच्या गटाने दाखवलं.

हे दोघे पुढे निरोप देतात मॅव्हस या प्रथिनाला, आणि मॅव्हस बसलेलं असतं मायटोकाँड्रियाच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांच्या, पृष्ठभागावर. एका मॅव्हसचा आकार बदलला की शेजारचं बदलतं, त्याच्या शेजारचं बदलतं, आणि त्यांचे धागेच्या धागे तयार होतात. रिसेप्टरचे मोजके रेणू जागे झाले तरी पेशीभर निरोप जातो तो यामुळे. त्यातून दोन कामं सुरू होतात. एकीकडे एनएफ-कॅपा-बी हे प्रथिन केंद्रकात जाऊन सायटोकाइनची, म्हणजे पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात त्या प्रथिनांची, जनुकं चालू करतं. दुसरीकडे आयआरएफ-३ हे प्रथिन इंटरफेरॉनचं जनुक चालू करतं.

इंटरफेरॉनबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. १९५७ मध्ये लंडनमध्ये अॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमन यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या पटलाच्या तुकड्यांना उष्णतेने मारलेला इन्फ्लुएन्झाचा विषाणू दिला. त्या तुकड्यांमधून जे पाणी मिळालं ते नव्या तुकड्यांवर घातल्यावर त्यांच्यात जिवंत विषाणू वाढेना. त्या पाण्यातल्या पदार्थाला त्यांनी नाव दिलं इंटरफेरॉन. लागण झालेली पेशी तो बाहेर सोडते, शेजारच्या पेशी तो ओळखतात आणि शेकडो जनुकं चालू करून विषाणूसाठी दारं-खिडक्या बंद करायला लागतात: कुणी परका आरएनए तोडतं, कुणी प्रथिनं बनवणंच थांबवतं. पुढे अनेक वर्षं हेपॅटायटिस-सी च्या रुग्णांना इंटरफेरॉनची इंजेक्शनं दिली जायची. त्या रुग्णांना इंजेक्शननंतर ताप यायचा, हाडं दुखायची, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट उतरायच्या. अंगात नवा विषाणू गेलेला नसताना, नुसत्या इंटरफेरॉनने. आमच्या या मुलाच्या रिपोर्टवरचे २,८०० आणि त्याची हाडदुखी यातला बराचसा भाग डेंग्यूने थेट केलेला नाही, त्याच्याच पेशींनी एकमेकींना दिलेल्या या निरोपाचा आहे. आजारी माणसाला आपण ‘अशक्तपणा आलाय’ म्हणतो, तेव्हा आत केवढी धावपळ चालू असते!

डेंग्यूही गप्प बसत नाही. त्याचं प्रतींचं काम चालतं ते एंडोप्लाझमिक रेटिक्युलम या पेशीतल्या जाळ्याच्या पटलात तयार केलेल्या खोलगट पिशव्यांत, म्हणजे दुहेरी आरएनए उघड्यावर फारसा येत नाही. त्याचं एनएस-५ हे प्रथिन नव्या आरएनएला आपल्या एमआरएनएसारखी टोपी चढवतं. तेच एनएस-५ स्टॅट-२ हे प्रथिन नष्ट करवतं, आणि स्टॅट-२ शिवाय शेजारच्या पेशीला इंटरफेरॉनचा निरोप मिळूनही कृती करता येत नाही. आणि त्याची एनएस-२बी-३ ही कात्री स्टिंग नावाचं प्रथिन कापते.

इथे मला कायम थबकायला होतं. स्टिंग हा डीएनए ओळखणाऱ्या यंत्रणेचा भाग. डेंग्यूजवळ डीएनएचा कणही नाही. मग त्याने स्टिंग कापायची कात्री बाळगावी कशाला?

ही यंत्रणा अशी आहे. पेशीद्रवात सीगॅस नावाचं एन्झाइम असतं. त्याला दुहेरी डीएनए सापडला की ते सीजीएएमपी हा एक लहान रेणू बनवतं, तो जाऊन स्टिंगला चिकटतो आणि स्टिंग पुन्हा इंटरफेरॉनचंच जनुक चालू करवतं. स्टिंगचा शोध २००८ चा, ग्लेन बार्बर यांचा. सीगॅसचा २०१३ चा, झिजियान चेन यांच्या गटाचा. सीगॅस जंतूचा डीएनए आणि आपला डीएनए यांत भेद करत नाही. त्याला अक्षरं वाचता येत नाहीत. मासळीची टोपली बंदरावर असली तर कुणी मान वळवून बघत नाही, तीच देवघरात दिसली तर अख्खं घर उठतं. डीएनएचं तसंच आहे. केंद्रकात तो हवाच, आणि तिथे तो हिस्टोन प्रथिनांभोवती असा गुंडाळलेला असतो की सीगॅसला काम करता येत नाही. पेशीद्रवात मात्र दुहेरी डीएनए दिसायला नको.

डेंग्यूच्या लागणीत मायटोकाँड्रियांना इजा होते आणि त्यांचा स्वतःचा डीएनए पेशीद्रवात सांडतो. हाच डीएनए सीगॅसला सापडतो. विषाणू स्वतः लपला तरी त्याने केलेली मोडतोड लपत नाही. म्हणून डेंग्यूला स्टिंग कापावं लागतं. गंमतीची नव्हे, महत्त्वाची गोष्ट म्हणजे ही कात्री माणसाचं स्टिंग कापते, उंदराचं कापू शकत नाही. प्रयोगशाळेतल्या साध्या उंदरांत डेंग्यू नीट वाढत नाही, त्याच्या कारणांपैकी हे एक आहे.

मायटोकाँड्रियाचा डीएनए जिवाणूसारखा दिसतो, कारण मायटोकाँड्रिया मुळात जिवाणूच होते. अब्जावधी वर्षांपूर्वी दुसऱ्या पेशीत शिरले आणि कायमचे राहिले. त्यांचे पूर्वज अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया या गटातले मानले जातात. आता आईच्या खाटेकडे वळू, कारण तिच्या अंगातला ओरिएन्शिया याच गटातला आहे. एका खाटेवर मायटोकाँड्रियाचा डीएनए मुलाच्या पेशींना सावध करत होता, शेजारच्या खाटेवर त्याच गोतावळ्यातला एक जिवाणू आईच्या पेशींत राहत होता. विद्यार्थ्यांना शिकवायला यापेक्षा चांगली जोडी मला मागून मिळाली नसती.

आईच्या पेशीत

ओरिएन्शिया हा ग्रॅम-निगेटिव्ह, म्हणजे ज्यांच्या बाहेरच्या आवरणात सहसा एलपीएस असतो त्या गटातला, जिवाणू असूनही त्याच्याजवळ एलपीएस नाही. परिणाम काय ते बघा. पृष्ठभागावरच्या टीएलआर-४ ला पकडायला काही नाही. पेशीद्रवात माणसाजवळ कॅस्पेस-४ हे आणखी एक प्रथिन असतं. साल्मोनेला, शिगेला अशा जिवाणूंचा एलपीएस आत आला की ते थेट त्यालाच चिकटतं आणि पेशीला फुटायला लावतं. ओरिएन्शियापुढे तेही निष्प्रभ. जिवाणूची भिंत ज्याची बनते तो पेप्टिडोग्लायकॅनही त्याच्यात अगदी थोडा असतो. जेनवे म्हणाले होते की जंतूला हे रेणू टाकून देणं परवडत नाही. बाहेरच्या जगात परवडत नाहीच. पण जो पेशीबाहेर जगतच नाही, त्याला भिंतीची गरज कमी, आणि त्याने बऱ्याच अंशी ती टाकलेली आहे.

तरी थोडी भिंत आहे, आणि तीच त्याला नडते. त्या भिंतीतल्या डायअमिनोपिमेलिक अॅसिड असलेल्या तुकड्याला ओळखणारा नॉड-१ हा रिसेप्टर आपल्या पेशीद्रवात असतो. रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींवरच्या प्रयोगांत ओरिएन्शियाचे तुकडे नॉड-१ ला जागं करतात असं दिसलं आहे. नॉड-१ पुढे एनएफ-कॅपा-बी चालू करतो. ओरिएन्शियाच्या पृष्ठभागावरचे काही घटक टीएलआर-२ ला सापडतात. मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशींत इन्फ्लमेझोम हा प्रथिनांचा गट जुळून येतो आणि कॅस्पेस-१ हे प्रथिन इंटरल्युकिन-१-बीटा हे सायटोकाइन कापून कामाला लावतं. इन्फ्लमेझोम जोरात चालला तर गॅसडर्मिन-डी हे प्रथिन पेशीच्या पटलाला भोकं पाडतं आणि पेशी फुटते. जंतूचं घरच मोडून टाकण्याचा हा मार्ग.

ओरिएन्शियाची आतली वाटचाल बघितली की त्याने काय काय टाळलं ते कळतं. पेशी त्याला पिशवीत गिळते. पिशवीचं आम्ल आणि एन्झाइम्स पोचायच्या आत तो ती फोडून पेशीद्रवात येतो. फाटलेलं पटल ही पेशीसाठी एक खूण असते, कारण पिशवीच्या आतल्या बाजूला असणाऱ्या शर्करा उघड्या पडतात. गॅलेक्टिन-८ हे प्रथिन त्या शर्करांना चिकटतं आणि ऑटोफॅजीला, म्हणजे पेशीच्या आतल्या सफाईच्या यंत्रणेला, बोलावणं धाडतं. साल्मोनेलाच्या बाबतीत हे स्पष्ट दाखवलं गेलंय. ओरिएन्शिया शिरल्यावरही ऑटोफॅजी जागी होते, पण तो तिच्या हाती लागत नाही. पेशीतल्या सूक्ष्मनलिकांच्या मार्गावर, डायनिन या मोटर-प्रथिनाला धरून, तो केंद्रकाजवळ जाऊन बसतो आणि तिथे वाढतो. त्याची काही प्रथिनं एनएफ-कॅपा-बी ला केंद्रकात टिकू देत नाहीत. बाहेर पडताना तो पेशीच्याच पटलात गुंडाळून निघतो, जसे काही विषाणू निघतात. जिवाणूमध्ये हे फार दुर्मीळ.

आता ते दहा-बारा दिवस पुन्हा आठवा. चावा झाल्यापासून ताप येईपर्यंत आईला काहीच जाणवलं नव्हतं. कमरेवरच्या त्या खपलीखाली मात्र कातडीतल्या डेंड्रिटिक पेशी आणि मोनोसाइट या पहारेकरी पेशींची जिवाणूशी गाठ केव्हाच पडली होती. काळी खपली म्हणजे त्याच झटापटीत मेलेली कातडी. तिथून लसिकाग्रंथीत, म्हणून जांघेतली गाठ, आणि तिथून रक्तात.

मग ताप सारखाच का

कारण जाग कुणीही आणो, निरोप शेवटी एकाच ठिकाणी जातो. रिग-आयने सांगितलं काय किंवा नॉड-१ ने, एनएफ-कॅपा-बी चालू झालं की इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ आणि टीएनएफ रक्तात येतात. ते मेंदूतल्या हायपोथॅलॅमसजवळच्या रक्तवाहिन्यांत प्रोस्टाग्लँडिन ई-२ हा रेणू तयार करवतात आणि शरीराचं तापमान वर सरकतं. पॅरासिटामॉल तोडतं ते ही शेवटची कडी. म्हणून ते दोन्ही तापांत सारखंच उतार देतं, आणि दोन्हींत सारखंच फसवं ठरतं. ताप किती चढला यावरून जंतू कोणता ते कळत नाही, कळूच शकत नाही.

फरक दिसला तो प्रमाणात. इंटरल्युकिन-६ यकृताला सीआरपी बनवायला लावतं. आईत ते १६२, मुलात १४. मुलाच्या बाजूला इंटरफेरॉनचा भार जास्त, म्हणून पांढऱ्या पेशी खाली. आईच्या पांढऱ्या पेशी वर. पण सीआरपीवर डोळे मिटून विसंबणारे मला पटत नाहीत. डेंग्यूत तो चढलेले रुग्ण आम्ही बघतो, आणि स्क्रब टायफसच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत तो फारसा चढलेला नसूही शकतो.

औषध कुठवर पोचतं

सेफ्ट्रिअॅक्सोन जिवाणूची भिंत बांधू देत नाही. लेप्टोचा जंतू बहुतांशी पेशीबाहेर, रक्तात आणि ऊतींत असतो. त्याला भिंतही आहे. ओरिएन्शियाला भिंत नावापुरती, आणि तो बसलेला पेशीद्रवात, जिथे सेफ्ट्रिअॅक्सोन पुरेसं पोचतच नाही. म्हणजे औषध ज्या जागी होतं तिथे जंतू नव्हता, आणि जंतू होता तिथे औषधाला तोडायला काही नव्हतं. डॉक्सिसायक्लिन पेशीचं पटल सहज ओलांडतं आणि जिवाणूच्या रायबोसोमवर बसून त्याचं प्रथिन बनवणंच थांबवतं. ते लेप्टोवरही चालतं. म्हणूनच कोकणात पावसाळ्यात किंवा कापणीच्या हंगामात तापाने आलेल्या शेतकऱ्याला लेप्टो समजून नुसतं सेफ्ट्रिअॅक्सोन लावण्यापेक्षा जोडीला डॉक्सिसायक्लिन देणं मला शहाणपणाचं वाटतं, एशर सापडो न सापडो. दोन-तीन दिवस वाया गेले की फुप्फुसं आणि मूत्रपिंडं किंमत मोजतात.

मुलाला मात्र कोणतंच अँटिबायोटिक दिलं नाही. वडील वॉर्डात येऊन विचारत राहिले, “हिला दोन-दोन बाटल्या आणि पोराला नुसतं सलाईन?” त्यांचं विचारणं रास्त होतं. डेंग्यूच्या विषाणूला स्वतःचा रायबोसोम नाही, भिंत नाही. अँटिबायोटिकला धरायला जागाच नाही. हे मी त्यांना कागदावर दोन चौकोन काढून समजावलं.

पुढे काय झालं

डॉक्सिसायक्लिन सुरू केल्यापासून दोन दिवसांच्या आत आईचा ताप उतरला. ऑक्सिजन चौथ्या दिवशी काढता आला. स्क्रब टायफसची आयजीएम चाचणी तोवर पॉझिटिव्ह आली होती, लेप्टोची निगेटिव्ह.

मुलाचं वळण त्याच सुमारास आलं. पाचव्या दिवशी त्याचा ताप गेला, घरच्यांना हायसं वाटलं, आणि दुपारपासून पोटात दुखायला लागलं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का, ४१ वरून ४७ वर गेला. रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपायला लागलं होतं. डेंग्यूचा धोका ताप उतरताना असतो, आणि त्या वेळी रक्तातला विषाणू कमी होत असतो, हे ऐकून माणसं चक्रावतात. अस्तराच्या पेशींमधले सांधे सैल करतात ती विषाणूची एनएस-१ ही प्रथिनं आणि आपलीच सायटोकाइन्स. आईच्याही फुप्फुसांत पाणी झिरपलं होतं, पण तिथे जिवाणू त्या अस्तराच्या पेशींतच मुक्कामाला होता. मुलाला दर काही तासांनी हिमॅटोक्रिट बघत मोजून सलाईन दिलं. दीड दिवसात सांधे पुन्हा घट्ट झाले, लघवी भरपूर व्हायला लागली, आणि तेव्हा सलाईन लगेच बंद केलं, कारण झिरपलेलं पाणी परत रक्तात येत असताना बाहेरून आणखी पाणी देणं घातक ठरतं.

मायलेकं एकाच दिवशी घरी गेली. जाण्याआधी आईकडून कळलं की गवताला सोबत असणाऱ्या बायकांपैकी आणखी दोघी अंथरुणाला लागल्या आहेत. त्यांच्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन केला. आशाताई दुसऱ्या दिवशी सकाळी घरी जाऊन आल्या. एकीला नुसतीच सर्दी-खोकला होता, तिला काही द्यावं लागलं नाही. दुसरीच्या गुडघ्याच्या मागच्या वळकटीत काळी खपली होती; तापाचा तिसराच दिवस होता. तिला डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या केंद्रातच मिळाल्या आणि भरती करायची वेळ आली नाही.